बघू म्हणजे नाही

मीटिंग संपली की ते चष्मा काढायचे, नाकावरचे दोन लाल वळ अंगठ्याने चोळायचे आणि आम्हाला म्हणायचे, "चला, आता खरं काय ठरलं ते सांगतो."

आम्ही म्हणजे दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत पुण्या-मुंबईहून जपानला, कावासाकी शहरातल्या एका कंपनीत कामाला आलेली सात-आठ पोरं. जपानीचं सर्टिफिकेट आमच्याकडेही होतं, पण त्यातलं जपानी आणि मीटिंगमधलं जपानी यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती. ते आमच्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, म्हणून आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांचं काम मधल्या माणसाचं. जपानी साहेबांचं पुण्याच्या ऑफिसला सांगायचं, पुण्याचं इकडे. दोन्हीकडून बोलणी खायची आणि ती गोड करून पलीकडे पोचवायची. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शहाणं केलं. आमच्या बुचोंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, माझी एक सूचना मान डोलावत ऐकली आणि म्हणाले, "केन्तो शिमास." विचार करतो. मी खूश. काकांनी मला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं.

"पेढे वाटू नकोस. ते नाही म्हणाले."

"अहो काका, विचार करतो म्हणाले."

"मुलगी बघून गेल्यावर मुलाकडचे काय म्हणतात? कळवतो. मग कळवतात का? केन्तो शिमास म्हणजे आपलं बघू. आणि बघू म्हणजे नाही."

पुण्याचं मात्र ते उलटं सांगायचे. एकदा काम तारखेला होणार का, असं बुचोंनी फोनवर विचारलं. पुण्याचा माणूस आरामात म्हणाला, "बघतो." काका बुचोंना जपानीत म्हणाले, "आमच्याकडे माणूस बघतो म्हणाला की काम झालंच समजा." आम्ही खाली मान घालून हसलो. पुण्याला वाचवायला ठोकून दिलेली ती थाप होती. बुचोंनी ती वहीत लिहून घेतली.

शनिवार आला की काका गायब. आम्ही सगळे टोकियोतल्या ओजिमाच्या सरकारी इमारतींमध्ये राहायचो, शेजारी-शेजारीच. शनिवारी आम्ही कपडे धुऊन झोपा काढायचो आणि ते पाठीला सॅक लावून पहाटेच्या गाडीने निघायचे. त्यांना वेड होतं आडजागांचं. अटलांटिकमधलं एक बेट, तिथे वर्षातून थोड्याच वेळा बोट जाते. सैबेरियातलं एक गाव, तिथे म्हणे गोठलेल्या केळ्याने खिळा ठोकता येतो. हे सगळं ते डबा खाताना सांगायचे. तिथे जाणं काही परवडणारं नव्हतं, मग जपानमधली अशी स्टेशनं हुडकायची जिथे कुणीच उतरत नाही. आजूबाजूला गाव नाही, रस्ता नाही, नुसता फलाट.

"काय करता हो तिथे?" मी विचारलं.

"काही नाही. बसतो. आठवडाभर याचं त्याला सांगत असतो. तिथे कुणी नसतं, कुणाला काही सांगावं लागत नाही."

रविवारी ते कॉलिंग कार्डाने घरी फोन करायचे. मुलगी पुण्यात, नववीला. बाबा कुठे जाऊन आले ते ऐकून ती शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात त्या जागेभोवती गोल काढायची. बेट आणि सैबेरियाही तिने असेच गोल केले होते. "दहावीच्या वर्षाला मी घरी असेन," असं त्यांनी तिला कबूल केलं होतं. कबूल आधीही केलं होतं, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा मुक्काम वाढला होता.

एका सोमवारी डबा उघडून ते हसत म्हणाले, "काल पोरीने मला विचारलं, जगातली सगळ्यात लांबची जागा कुठली. मी ते बेट सांगितलं. तर म्हणाली, चूक. मी लाल पेनाने गोल केलाय. ओजिमा."

आम्हीही हसलो. काकांचा डबा त्या दिवशी तसाच राहिला. पोरगी काय बोलली ते आमच्यातल्या प्रत्येकाला लागलं होतं.

त्यानंतर महिन्याभरात बुचोंनी त्यांना विचारलं, अजून दोन वर्षं थांबाल का. काका नम्रपणे म्हणाले, "केन्तो शिमास."

"सुटलो," बाहेर येऊन ते मला म्हणाले. "अस्सल जपानी नकार दिला. आता दहावीला घरी."

दोन आठवड्यांनी त्यांच्या टेबलावर व्हिसा वाढवायचे कागद आले. दोन वर्षांचे. काका धावत बुचोंकडे गेले. बुचो मनापासून आनंदले होते. म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, भारतीय माणूस बघतो म्हणाला की झालंच समजायचं. मी समजलो." पुण्याच्या साहेबांनीही "होऊन जाईल" म्हणून कळवून टाकलं होतं. काका परत येऊन खुर्चीवर बसले. सोमवारपर्यंत सही हवी होती.

त्या शनिवारी मी म्हणालो, मीही येतो.

शिझुओकाकडच्या डोंगरात, चार गाड्या बदलून आम्ही एका फलाटावर उतरलो. आमच्याशिवाय कुणी उतरलं नाही. पुढची गाडी अडीच तासांनी. एक लाकडी शेड, चारी बाजूंना झाडी, आणि फलाटावर चिनी मातीचा एक ढेरपोट्या तानुकी. रानकुत्र्यासारखा इथला प्राणी, दुकानांबाहेर त्याचे पुतळे असतात. इथे तो कुणासाठी बसवला होता देव जाणे.

"हा बुचो समजा," मी म्हणालो. "म्हणा नाही."

काका तानुकीपुढे कमरेत वाकले. "आपण एवढं म्हणता, फार आभारी आहे, पण जरा अवघड..."

"काका, परत बघू झालं."

पुन्हा वाकले. पुन्हा आभार मानले. सातव्या की आठव्या वेळी एकदाचा शब्द सुटा आला. "देकिमासेन." जमणार नाही. मग ते बाकावर बसले आणि चष्मा पुसत राहिले.

"आयुष्यात कुणाला सरळ नाही म्हटलं नाही रे मी. लोकांचे नकार मात्र हजारो पोचवले."

मला त्या वेळी त्यांचा फार राग आला होता आणि मायाही फार वाटली होती. संत्री सोलून अर्धी त्यांना दिली.

सोमवारी बुचोंसमोर त्यांनी सुरुवात केली. हवापाण्याचं बोलले, कंपनीच्या उपकारांचं बोलले, जरा अवघड आहे म्हणाले. बुचो मान डोलावत होते. गाडी पुन्हा त्याच वळणावर चाललेली मला दिसली. काकांनी मला आधाराला सोबत नेलं होतं, मी शेजारीच बसलो होतो. माझ्या सर्टिफिकेटच्या जपानीत मी बोलून गेलो, "ते नाही म्हणतायत. ते घरी जाणार. मुलगी वाट बघतेय."

आदरार्थी एकही रूप वापरलं नव्हतं मी. लहान मुलांशी बोलतात तसलं जपानी. बुचोंनी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला.

"देकिमासेन," ते म्हणाले.

बुचोंनी कागद पुढे ओढून घेतले आणि फाइलीत घालून ती बंद केली.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत काका पुण्याला गेले. विमानतळावर ते मला म्हणाले, "अनुवाद भिकार होता, पण पोचला." त्यांच्या जागी मला बसवलं. त्या खुर्चीत किती थकायला होतं ते तेव्हा कळलं. चष्माही लागला.

मुलगी दहावी झाली, पुढे इंजिनियरही झाली. मी अजून इथेच. दरवर्षी एकदा त्या फलाटावर जाऊन बसतो, आणि रविवारी त्यांना फोन करतो. मागच्या वेळी म्हणालो, "काका, या की एकदा. तानुकी आठवण काढतो. तिकीट मी पाठवतो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी "बाबा, जेवायला" म्हणालं.

"बघू," काका म्हणाले.