कॉम्प्युटरला कुंकू

मी कॉम्प्युटरवर गेम खेळायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात हे वाक्य सरळ कुणी बोलायचंच नाही. आमचे हे चारचौघांत सांगायचे, "घेऊन ठेवलाय, पुढं मुलांच्या अभ्यासाला होईल." मुलं नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. न झालेल्या मुलांच्या नावावर तो कॉम्प्युटर चार वर्षांपूर्वी सिल्वासात, डोकमर्डीच्या आमच्या दोन खोल्यांत येऊन बसला होता, आणि त्याच्यासमोर रोज बसायचे मी.

आम्ही मूळचे शिरपूरकडचे. हे सामरवरणीच्या एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुने स्टाफने घरी नेले. त्यातला एक यांनी स्कूटरवर पायांत धरून आणला. तीनशे शहाऐंशी म्हणायचे त्याला. लग्नाआधी मी धुळ्याला टायपिंग शिकले होते, त्यामुळे बटणांची भीती नव्हती. सोबत आलेल्या फ्लॉप्यांत एक गाडीचा गेम निघाला आणि माझं ठरलंच. दुपारी भांडी आवरली की फ्लॉपी घालायची आणि गाडी सोडायची. गाडी कसली, साबणाची वडीच ती! पण मी ती अशी पळवायचे की यांच्याबरोबरचे फिटर घरी आले की खुर्चीमागे उभे राहून बघायचे. एक जण म्हणाला, "वहिनी, तुम्हाला तर कंपनीचा टेम्पो द्यायला पाहिजे." मी म्हटलं, "द्या की!"

बायकांचं मात्र वेगळं. "लेकरू नाही ना, म्हणून लेकरासारखी खेळत बसते बिचारी," असं माझ्या कानावर आलं. बिचारी म्हटलं की माझं टाळकं सटकतं. मला आवडायचं म्हणून मी खेळायचे. तीन मुलं असती तर तिघांना उठवून त्या खुर्चीवर बसले असते.

चार वर्षं तो डबा चालला. मग एक दिवस शेजारच्या सोसायटीतल्या मैत्रिणीकडे गेले. तिचे यजमान इंजिनीअर, पुण्याचे. त्यांच्याकडे नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर एक गाडीचा गेम होता. तिने लावून दिला. अगं बाई! रस्त्याला वळण होतं, घाट होता, आणि आरशात मागची गाडी दिसत होती. तीन वेळा दरीत गेले, चौथ्या वेळी पहिली आले. मैत्रिणीने सीडीच काढून माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा, आमच्याकडे कुणी खेळत नाही." मी आणली घरी. पण आमच्या डब्याला सीडी घालायची सोयच नव्हती. घालू कुठे, कपाळात?

"आपला आता बदलायला झालाय," मी यांना म्हटलं.

"का? बिघडला?"

"बिघडला नाही. पण आता त्याच्याने काही नवं होत नाही."

"चालतंय ते मशीन जुनं नसतं." मेंटेनन्सवाल्याला हे वाक्य पाठच असतं. मग जरा नरमून म्हणाले, "गरज लागली की घेऊ ना. मी कुठं नाही म्हणतोय?"

पैशाची अडचण नव्हती. दिवाळीचा बोनस यायचाच होता. पण यांच्या तोंडी गरज म्हणजे काय, ते मला कळत होतं आणि यांनाही कळत होतं. गरज अजून जन्माला यायची होती. मी चालती-बोलती बाई समोर उभी होते, आणि माझं मागणं कुणी गरजेत धरतच नव्हतं.

त्यात दसरा तोंडावर आला. दसऱ्याला हे आपले पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून पूजा करायचे. पूजेतल्या अवजाराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हे तर सगळीकडेच असतं. पण यांच्या फिटर लोकांची आणखी एक रीत होती. दसऱ्याला ज्या मशीनला कुंकू लागलं, त्याच्या जागी पुढच्या दसऱ्यापर्यंत दुसरं आणायचं नाही आणि ते भंगारातही काढायचं नाही. साहेबांनी सांगितलं तरी ते ऐकायचे नाहीत. ती रीत यांनी घरीही आणली होती. कॉम्प्युटरला दर दसऱ्याला कुंकू लागायचं. म्हणजे यंदा लागलं की आणखी एक वर्ष ती साबणाची वडीच पळवायची.

"यंदा कॉम्प्युटरला कुंकू लागणार नाही," मी जाहीर केलं.

सासूबाई नवरात्रासाठी गावाहून आल्या होत्या. वाती वळता वळता त्यांचे हात थांबले. "घरातली लक्ष्मी असते ती. असं बोलू नये. आणि एवढी घाई कसली तुला? लेकरू होऊ दे, मंग घ्या नवा."

"आणि नाहीच झालं तर?"

हे मी मोठ्याने पहिल्यांदाच बोलले. नऊ वर्षांत डॉक्टर झाले, नवस झाले, पण हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता.

"नाहीच झालं तर मी काय करायचं? काही नवं मागूच नको का?"

सासूबाईंनी पुढची वात वळायला घेतली. हे उठले आणि बाहेर जाऊन स्कूटर पुसायला लागले. स्कूटर सकाळीच पुसून झाली होती.

दसऱ्याच्या सकाळी मी झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेले. परत येऊन बघते तर पाटावर अवजारं मांडून पूजा झालेली. आणि कॉम्प्युटरच्या कपाळावर, म्हणजे फ्लॉपीच्या फटीच्या बरोब्बर वर, ओलं कुंकू आणि त्यावर दाबून बसवलेल्या अक्षता. हे शेजारी उभे, दूध सांडलेल्या मांजरासारखे.

"वर्षाचाच तर प्रश्न आहे," हे म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी घरात नसताना, गुपचूप! सरळ जाऊन खुर्चीवर बसले, कॉम्प्युटर चालू केला आणि फ्लॉपी आत ढकलली.

"अगं, पूजेतला आहे तो! आज हात लावायचा नसतो!" सासूबाई आतून ओरडल्या.

"पूजा ज्यांनी केली त्यांनी लावू नये," मी म्हटलं.

तेवढ्यात आतून खर्रर्र असा आवाज आला आणि फ्लॉपी अडकली. ओढली तर बाहेर येईना. मी वाकून फटीत बघितलं. तांदूळ! ओल्या कुंकवावरून अक्षतांचे दाणे घसरून आत पडले होते. पंधरा वर्षं मशीनं दुरुस्त करणाऱ्या माणसाने आपल्या हाताने मशीनला घास भरवला होता. मला हसू फुटलं, आणि राग काही जाईना. मी पाटावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. हळद-कुंकू लागलेला, वर फूल वाहिलेला. फूल खाली पडलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. यांनी "अगं" एवढंच म्हटलं.

वायर काढली, स्क्रू काढले, झाकण उचललं. आत काय असतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. धूळ, वायरींचा गुंता, आणि तळाला एक हिरवी पाटी, चार-पाच स्क्रूंवर बसवलेली. कॉम्प्युटरचं सगळं डोकं त्या पाटीत असतं, हे यांच्याकडून ऐकून होते. एवढंच? ह्याच्यासाठी मी वर्ष-वर्ष थांबायचं? हे चिमटा घेऊन आले. मी टॉर्च धरला आणि यांनी एकेक दाणा काढला. सात निघाले.

शेवटचा दाणा काढताना मला सुचलं. "अहो, गेल्या दसऱ्याला तुमच्या खात्यातल्या ज्या मशीनला कुंकू लागलं, त्याची मोटार दिवाळीत जळाली होती ना? मग काय केलंत?"

"बदलली."

"कुंकू लागलेल्या मशीनची?"

"मोटार बदलली तर काय झालं? मशीन तेच राहतं."

"मग कुंकू ह्या डब्याला लागलंय. डबा वर्षभर हाच राहील, कुंकवासकट. ही हिरवी पाटी मात्र बदलायची. बरोबर?"

हे चिमटा हातात धरून डब्यात बघत बसले. यांची एक गोष्ट मला मनापासून आवडते. माणसांसमोर हे वेळ मारून नेतील, पण मशीनच्या बाबतीत खोटं बोलणं यांना जमत नाही. बोटाने स्क्रूंची भोकं मोजली, वायरी बाजूला सारून बघितल्या.

"बसेल," म्हणाले.

"मोटार बदला नाहीतर पिठाची गिरणी बसवा," सासूबाई कडाडल्या, "पण तो स्क्रूड्रायव्हर आधी पाटावर ठेव!"

मी ठेवला. पडलेलं फूल परत वाहिलं आणि नमस्कारही केला. माझं भांडण देवाशी नव्हतंच.

बोनस झाल्यावर आम्ही वापीला गेलो, कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या एका दुकानात. स्कूटरवर मागे मी आणि माझ्या मांडीवर तो डबा. पदराखाली सीडीची पिशवी. दुकानदाराने डब्यावरचं कुंकू बघितलं, हसला, आणि झाकण काढून आत डोकावला. नवा बोर्ड, म्हणजे ती हिरवी पाटी, बसेल म्हणाला. सीडी घालायचीही सोय होईल म्हणाला. मग त्याने सवयीने विचारलं, "बच्चों की पढ़ाई के लिए चाहिए ना? तो सादा बोर्ड चलेगा. बड़ा लेने की क्या ज़रूरत?"

ह्या प्रश्नाचं आमचं उत्तर ठरलेलं होतं. चार वर्षं आम्ही तेच देत होतो आणि ते ऐकलं की समोरचा पुढचं काही विचारायचा नाही. आज ते दिलं असतं तर साधा बोर्ड घेऊन परत गेलो असतो, आणि ती सीडी तशीच पडून राहिली असती. मी बोलायला तोंड उघडलं, पण हे आधी बोलले.

"बच्चे नहीं हैं," हे म्हणाले. "ये गेम खेलती हैं. गाडी का. इनके हिसाब से बनाओ."

मुलं नाहीत हे यांच्या तोंडून मी परक्या माणसासमोर पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटायचं, असं कधी ऐकलं तर मी तिथल्या तिथे रडेन. रडू आलं नाही. पाठ सरळ झाली.

दुकानदार यांच्याकडे बघायचा थांबला आणि माझ्याकडे वळला. मी पिशवीतून सीडी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"ये चलनी चाहिए," मी म्हटलं. "और आईने में पीछेवाली गाडी साफ दिखनी चाहिए."