कॉम्प्युटरला बोरिक पावडर

अख्ख्या मुलुंडात कॉम्प्युटरवर जीव टाकणारी त्या काळी एकच बाई होती, आणि ती नेमकी माझी नणंद निघाली. सत्तर सालानंतरची गोष्ट. आमच्या इमारतीत फोनसुद्धा एकच, तोही घरमालकाकडे कुलपात. आणि आमच्या वन्सं दात घासता घासता 'माझा कॉम्प्युटर' म्हणायच्या, जणू काही मागच्या अंगणात बांधलाय! तो होता तिकडे शहरात, एका संशोधन संस्थेत, आणि वन्संच्या वाट्याला यायचा महिन्यातून एखाद्या रविवारी. त्या दिवशी बाई नवी साडी नेसायची. मी म्हणायची, "अहो, मशीन बघायला चाललात की मुलगा?"

वन्सं शिकवायच्या होणाऱ्या मास्तरांना, आणि वर पीएचडी करत होत्या. "पहिलीच्या पुस्तकात कमळ! आपल्या वस्तीतल्या पोरांनी कमळ पाहिलंय कुठे, वहिनी? आधी त्यांच्याच तोंडचे शब्द द्या, मग बघ कशी धडाधड वाचतात!" म्हणून पोरांचं बोलणं ऐकायचं, शब्दामागे एक भोकं पाडलेलं कार्ड करायचं, आणि कुठला शब्द किती वेळा आला ते कॉम्प्युटरने मोजायचं. हाताने मोजायला बसलं असतं तर जन्म गेला असता. ऐकायला कुठलीही जागा त्यांना चालायची. एका हळदीकुंकवाला यजमानीणबाई अत्तर घेऊन पुढे आल्या, तर ह्या पलंगाखाली डोकं घालून! तिथे दोन पोरं गोट्यांवरून भांडत होती. "वहिनी, 'सरक' आलं, 'सरक'!" असं ओरडतच बाहेर निघाल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्डं मात्र घरभर. कपाटात, गादीखाली, देवाच्या फळीवरसुद्धा. आपली हवा ही अशी दमट, त्यात ती फुगायची, आणि फुगलेलं कार्ड मशीनच्या तोंडात अडकायचं. वन्सं अगदी जेरीला आल्या. त्यांचे पीएचडीचे गाइड एप्रिलअखेर निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी येणारे गृहस्थ कॉम्प्युटर म्हटलं की नाक मुरडणारे. एप्रिलच्या आत आकडे हाती आले नाहीत, तर सगळी मेहनत पाण्यात. ह्या प्रबंधापायी बाईने चांगली चांगली स्थळं परत पाठवली होती हो!

आणि एका संध्याकाळी त्यांनी गच्चीवर कॅरम पाहिला. बोरिक पावडर टाकल्यावर स्ट्रायकर कसा सुळकन् जातो! झालं. वन्सं डबाच उचलून घेऊन आल्या आणि कार्डाकार्डाला पावडर चोळत बसल्या. "झकास! आता बघ कशी सरसर जातात." त्या रविवारी मीही सोबत गेले. कार्डं सरसर गेली खरी, पण जरा वेळाने मशीन खरखरलं आणि ठप्प. झाकण उघडलं तर आत सगळं पांढरंफेक! ऑपरेटर भडकला. "बाई, हा कॉम्प्युटर आहे, कॅरम नाही! पुन्हा पाऊल टाकायचं नाही इथे." घरी येऊन वन्सं ढसाढसा रडल्या. मला बघवेना.

मी पदर खोचला. अख्खी इमारत कामाला लावली. जुनी धोतरं फाडून प्रत्येक घरात कार्डं वाटली. बायका शेंगा सोलायला बसतात तशा पुसायला बसल्या. पुसलेली कार्डं गच्चीवर कडक उन्हात वाळवली, तसा त्यांचा फुगवटाही उतरला. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा त्या ऑपरेटरच्या दारात. तो हात आडवा करून उभा.

"एवढं मोजायचंय तरी काय तुम्हाला?"

"पोरांचे शब्द," वन्सं म्हणाल्या. "पहिलीचं पुस्तक त्यांना कळावं म्हणून."

तो जरा घुटमळला. "आमची पोरगी पहिलीतच आहे. पुस्तक काढलं की भोकाड पसरते." मग एक कार्ड घेऊन नखाने खरवडून बघितलं, पूड काही निघाली नाही, आणि म्हणाला, "आणा इकडे. पण आज अडकलं ना, तर माझी नोकरी जाईल हां!"

अडकलं नाही! धडधडधड कागद बाहेर पडायला लागला, आणि वन्संनी माझा हात असा आवळला की बांगडी पिचली. "वहिनी, सगळ्यात वर 'मला'! बघ ना, 'मला'!" दुसऱ्याच दिवशी आम्ही ते कागदाचं भेंडोळं गाइडांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते सावकाश, शेवटपर्यंत उलगडलं आणि म्हणाले, "बाई, लिहून काढा. निवृत्त होण्याआधी शिफारस करूनच जाणार मी."

वन्सं डॉक्टर झाल्या आणि वर्षाच्या आत नागपूरला मोठ्या जागेवर गेल्या. शिक्षकांना शिकवतात, नवी पुस्तकं करतात. पत्रात मी तब्येत विचारते आणि त्या तिथल्या नव्या मशीनची खुशाली कळवतात. अभिमान वाटतो, का नाही वाटणार? पण खरं सांगू? तेव्हा बोटं सोलवटेपर्यंत कार्डं पुसत होते ना, तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही, की हे पार पडलं की ही बाई आपल्या घरातून जाणार.