टेकडी उतरून परसात आली

पूर ओसरला की पेर्सिदा घमेलं घेऊन तिमोक नदीच्या काठी हजर व्हायची. ओला गाळ वाहून आणायचा, परसात पसरायचा. तिच्या आईनं हेच केलं, आजीनंही. शेणखत टाकणाऱ्या आम्हा शेजाऱ्यांना ती हसायची. "नदी दारात फुकट आणून टाकते, आणि तुम्ही गाईच्या शेपटीमागं धावता!" तिच्या लाल मिरच्यांची सर गावात कुणाला नव्हती, हेही खरंच.

मग तिच्या नवऱ्यानं, त्राइलोनं, वरच्या अंगाची टेकडी खाणवाल्यांना विकली. पेर्सिदा नको नको म्हणत होती, पण त्यानं ऐकलं नाही. टेकडीवरचं रान गेलं आणि खाणीच्या मातीचे ढीग उभे राहिले. पाऊस पडला की ढीग नदीत उतरायचे. काठावरचा गाळ राखाडी झाला, तरी बाई आपली वाहतेच आहे! मी एकदा म्हटलं, "पेर्सा, याचा रंग बरा दिसत नाही गं."

"तुझं तोंड तरी कुठं बरं दिसतं?" ती म्हणाली.

त्राइलो वारला. पुढच्या उन्हाळ्यात शहरातल्या माणसांनी गाळ आणि तिच्या परसातली माती तपासायला नेली. तांबं, शिसं, आर्सेनिक. या मातीतलं काही खाऊ नका, असं सांगून गेले.

आमच्यात वर्षाच्या जेवणाला शेजारी जे खातात, तेच गेलेल्या माणसाला पोचतं. आणि त्यात घरच्या परसातलं काहीतरी लागतंच. पेर्सिदानं मिरच्या भाजल्या, लसूण चोळला, त्राइलोच्या नावानं मेणबत्ती लावली. आम्ही बसलो. पाव मोडला, राकिया दारूचे घोट घेतले. मिरच्यांना मात्र कुणी शिवेना.

"खा की!" ती कडाडली. "टेकडी त्यानंच विकली ना? केलं ते भोगू दे!"

सगळ्यांनी पुन्हा पावच मोडला. मला तिचा संताप आला. पण गेलेला माणूस उपाशी कसा ठेवायचा? शेवटी मी एक मिरची उचलली. तोंडाशी नेते तोच पेर्सिदानं झडप घालून ती हिसकावली.

"नको गं, विद्राना," ती रडायलाच लागली. "नको खाऊस. त्याला पोचेल ती."

तिनं सगळ्या मिरच्या चुलीत टाकल्या. त्राइलोला त्या दिवशी कोरडा पाव पोचला.