यशोदाबाईंच्या मोबाइलवरचे तीन कोड

हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या अंगाला एक लहानसं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली अकरा वर्षं यशोदाबाई मून खिचडी शिजवतात. शिक्षण तिसरी पास, आवाज मात्र मुख्याध्यापकाचा. त्यांच्या गंजापुढे, म्हणजे खिचडीच्या मोठ्या पातेल्यापुढे, एकच कायदा चालतो: लाइनीत जो आधी, त्याच्या ताटात आधी. सरपंचाची नात असो की तपासणीला आलेले साहेब, मधे घुसला की "मांगं जाय" ऐकायचं आणि मुकाट मागं जायचं.

आणखी एका गोष्टीचा बाईंना भारी अभिमान होता. शाळेतल्या एकोणीस पोरांच्या ऑनलाइन फॉर्मवर त्यांचाच मोबाइल नंबर होता. पोरांचे आईबाप कापूस वेचायला नाहीतर जंगलातल्या कामाला, त्यांचं सिम वर्षातून दोनदा बदलणार. बाईंचा नंबर कधी बदलला नाही, आणि गावात रेंज येते तीही नेमकी त्यांच्या स्वयंपाकखोलीच्या खिडकीत. मग काय, "यशोदाबाईचा टाका" असंच ठरून गेलं. यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही आलं नाही. येणार कसं, अडचण सुटत होती ना.

त्या एकोणिसांतली एक जागृती उईके, पाचवीतली. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणारी गावातली पहिलीच पोरगी. तिची आई गंगा मुद्दाम येऊन सांगून गेली होती, "बाई, इच्या फॉर्माचं तुमीच पाहाजा. आमाले त्यातलं काई समजत नाई."

एका मंगळवारी शाळेच्या शिक्षिका मोहिनी मॅडम सेलूला बैठकीला गेल्या होत्या. तांदूळ नुकता उकळायला लागला होता, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, परीक्षेच्या ऑफिसातून बोलतोय. जागृती उईकेचा फॉर्म रद्द होतोय. तुमच्या मोबाइलवर कोड आलाय तेवढा सांगा, लगेच दुरुस्त करतो."

रद्द म्हटल्यावर हातातलं काम टाकून बाई चष्मा शोधायला धावल्या. चष्मा सापडून मेसेज उघडेपर्यंत तो माणूस तिकडून नवा नवा कोड मागवत राहिला. असे तीन कोड येऊन पडले. बाईंनी वाचायला घेतला तो सगळ्यात पहिला.

"तो जुना झाला ताई. शेवटचा सांगा."

"शेवटचा शेवटी. लाइनीनं सांगून राह्यली ना मी."

"अहो, मला फक्त शेवटचाच पाहिजे."

"त्याच्या आधी एक हाये अजून. आयका बरं." आणि बाईंनी एकेक आकडा सावकाश उच्चारत दुसरा कोड वाचला.

त्या माणसाचा धीर सुटला. त्यानं आईवरून शिवी हासडली. झालं! "शाळेत शिव्या द्याच्या नाई," असं म्हणून बाईंनी फोन कापला आणि वर बंदही करून टाकला.

बंद केला खरा, पण मग मनात येऊ लागलं: ऑफिसातला साहेब तो, आपण त्याचा फोन कापला. गंगाच्या पोरीचा फॉर्म आपल्यापायी गेला. या विचारात तांदूळ खाली लागला. अकरा वर्षांत पहिल्यांदा खिचडी करपली आणि पोरं बिचारी तशीच जेवली. जागृतीला वाढताना बाईंना तिच्या तोंडाकडे बघवेना.

दुपारी मॅडम आल्या. बाईंनी सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही.

"कोड सांगितले तुम्ही त्याला?"

"दोन सांगतले. तिसरा नाई सांगतला. चुकलं का वं मॅडम?"

खिडकीत लॅपटॉप मांडून मॅडम म्हणाल्या, "ऑफिसवाले फोनवर कोड कधीच मागत नाहीत, बाई. चोर होता तो. जागृतीचा फोटो, आधार, घरचा पत्ता, सगळं त्या खात्यात आहे."

चोर! बाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला. स्क्रीनवर चकरी फिरत होती आणि रेंज आजच रुसली होती.

शेवटी पान उघडलं. फोटो जागेवर, फॉर्म जागेवर, प्रवेशपत्रही जागेवर.

"आत शिरता आलं नाही त्याला," मॅडम हसल्या. "नवा कोड आला की आधीचा चालत नाही. त्याला तिसराच लागत होता."

यशोदाबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. "वाचली वं माय पोरगी," एवढंच म्हणत राहिल्या. मॅडमनी तिथल्या तिथं पासवर्ड बदलला. आता ज्याच्या त्याच्या घरचाच नंबर फॉर्मवर टाकायचा, असंही सांगितलं. बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्यांनी मान हलवली.

"पोरायले मीच सांगीन," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून थेट पाचवीच्या वर्गात जाऊन उभ्या राहिल्या.

"मीनं आज चोराले दोन कोड सांगून देल्ले. एवढी मोठी बाई मी, मले समजलं नाई. तुमच्यातल्या कोणाचं असं झालं असन तं मॅडमले सांगजा. मॅडम रागावत नाई. मले नाई रागावल्या."

मग तिसऱ्या बाकावरची स्वीटी उठली. ती मामाच्या मोबाइलवर अभ्यासाचे व्हिडिओ बघायची, अधूनमधून गेमही खेळायची. गेममध्ये भेटलेल्या एका दीदीनं तिचा फोटो मागितला होता, शाळेचं नाव विचारलं होतं. हिनं दोन्ही दिलं. आता ती दीदी रोज आणखी फोटो मागत होती आणि नाही दिले तर घरी सांगीन म्हणत होती.

"चार दिस झाले," स्वीटी म्हणाली. "मले लय भेव वाटून राह्यलं होतं."

बाईंच्या मागोमाग आलेल्या मॅडमनी तिला जवळ घेतलं. चूक तुझी नाही, हे तिला तीनदा सांगितलं. मामाला बोलावून त्याच्यासमोर ते खातं ब्लॉक केलं, मेसेज मात्र जपून ठेवले आणि पोलिसांकडे रीतसर तक्रार गेली. मामा आधी गरम झाला होता, पण बाईंनी एकदा डोळे वटारले तसा गार झाला.

शाळा सुटल्यावर स्वीटी यशोदाबाईंचा हात धरून फाटकापर्यंत आली. चार दिवसांनी तिच्या तोंडावर जरा हसू होतं.

"बाई, तुमी सांगतलं म्हून मीनं सांगतलं," ती म्हणाली, आणि मामाच्या मागं पळाली.