पाण्यातलं फडकं

तळ्यात गळ टाकून बसलेल्या माणसाला हात हलवून "हॅलो अंकल" म्हणणाऱ्या लोकांबद्दल मला आजही चांगलं बोलता येत नाही. बरं, हॅलो म्हणून गप्प बसतील तर शपथ. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मिळाला का मासा?" अरे शहाण्या, मिळाला असता तर मी तुझ्या तोंडाकडं बघत बसलो असतो का? आणि एवढं विचारायला ती हंसाच्या तोंडाची प्लॅस्टिकची बोट पायडल मारत मारत थेट आमच्या दोरीपर्यंत आणायची. वर टेपवर गाणं. वेफरचं रिकामं पाकीट पाण्यात. मासा काय बहिरा असतो?

गळाला बसणाऱ्यांत "मिळाला का" असं कुणी कुणाला विचारत नाही. शेजारी येऊन उकिडवं बसायचं, दोन मिनिटं पाण्याकडं बघायचं आणि "पाणी कसंय?" एवढंच म्हणायचं. समोरचा "थंड आहे" म्हणाला, तर सकाळपासून काही लागलेलं नाही असं समजायचं. "बरंय" म्हणाला, तर पिशवीत दोन-तीन आहेत. दुसऱ्याच्या पुढून जायचं नाही, पाठीमागून जायचं, आणि आपली सावली त्याच्या पाण्यावर पडू द्यायची नाही. हे सगळं मला चाचांनी शिकवलं.

चाचा गुलमंडीच्या मागच्या गल्लीतले शिंपी. शेरवानीत त्यांचा हात धरणारा शहरात दुसरा नव्हता. मी खुलताबादकडच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातला, शहरात येऊन शाळेत गणित शिकवणारा. माझ्या लग्नाचा कोट त्यांनी शिवला. माप घेता घेता तळ्याचा विषय निघाला आणि पुढच्या रविवारी त्यांच्या सायकलीमागं माझी सायकल निघाली. मग पंचवीसेक वर्षं रविवारची सकाळ आम्ही दोघांनी तिथंच घालवली. तळं पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतं. नाव मुद्दाम सांगत नाही. आधीच काय गर्दी कमी आहे?

पुढं चाचांना काचबिंदू झाला. आधी कात्री सुटली, मग सुई, मग पेपर. शेवटी नुसता उजेड आणि अंधार कळायचा. गल्लीतून मशिदीपर्यंत जायलासुद्धा कुणाचा तरी हात धरावा लागायचा आणि ते त्यांना फार लागायचं. तळ्यावर मात्र त्यांना कुणाची गरज नव्हती. त्यांनी गळाची काठी सोडून दिली होती. तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला तीन वेढे घालून बसायचे. पन्नास वर्षं सुईदोऱ्यात वावरलेलं ते बोट. पाण्याखाली काय चाललंय ते त्या बोटाला कळायचं. "चिलापी है, खेल रही," म्हणायचे. किंवा, "रोहू आया था मास्तर, सूंघ के चला गया." एकदा नुसत्या बोटावर त्यांनी सांगितलं की हे कासव आहे, दोरी सोड. मी हट्टानं ओढली, तर कासवच निघालं.

"दुकान गई, आंख गई," असं म्हणून ते ते बोट वर करायचे. "इतनीच नौकरी बाकी है अपनी."

दोरी पाण्यात पडली की पाच-सहा पावलं पुढं, गुडघाभर पाण्यात एक बांबू रोवायचा आणि त्याला पांढरं फडकं बांधायचं, ही चाचांच्या वडिलांपासूनची रीत. इथं दोरी आहे, लांबून जा, असा त्याचा अर्थ. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा चाचा दहा-बारा वर्षांचे होते. "हुकूमत बदली, सिक्का बदला, फडका नहीं बदला," असं ते ऐटीत सांगायचे. तळ्यात जाळी टाकायला येणारे भोई ते फडकं दिसलं की वल्हं वर उचलायचे आणि होडी आवाज न करता वळवून न्यायचे. एक शब्द बोलावा लागायचा नाही. ह्याला म्हणतात रीतभात.

मग एका ठेकेदारानं तळ्यावर बोटिंग सुरू केलं. सहा पायडलच्या बोटी, पत्र्याची टपरी आणि एक कर्णा. रविवारी तळ्यावर जत्रा भरायला लागली. ह्या मंडळींना पांढऱ्या फडक्याचा अर्थ कोण सांगणार? एक बाई बोटीतून मला म्हणाल्या, "अंकल, तुम्ही कपडे वाळत घातलेत का?" मी टॉवेल हलवून त्यांना लांब जायची खूण केली, तर त्यांनीही ओढणी हलवली आणि हसत हसत आणखी जवळ आल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ठेकेदाराकडं गेलो. त्यानं चहा पाजला. "सर, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर," म्हणाला. "पाटी लावतो." पुढच्या रविवारी पाटी लागलीसुद्धा: 'मासे पकडणाऱ्यांनी बोटिंगच्या ग्राहकांना अडथळा करू नये.' चोर तो चोर, वर शिरजोर! पंचवीस वर्षं आम्ही तिथं बसतोय, आणि कालची ही बदकं, अडथळा म्हणे आमचा! त्या दिवशी मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. चाचा मात्र म्हणाले, "लोगां सीखेंगे मास्तर. टाइम लगता."

लोक शिकत नाहीत, त्यांना शिकवावं लागतं, हे मी तीस वर्षं शाळेत बघत आलोय. मी म्हटलं, चाचा, पांढरं कुणाला कळत नाही, आपण लाल लावू. लाल म्हणजे धोका, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रेल्वेला कळतं, ट्रकला कळतं.

चाचांनी मान हलवली. "लाल नक्को. सफेद अपना निशान है."

आता ह्यात हट्ट करण्यासारखं काय होतं? पण म्हाताऱ्याशी वाद कशाला घालायचा म्हणून मी गप्प बसलो, आणि पुढच्या रविवारी गुलमंडीतून आणलेलं चांगलं भडक लाल कापड बांबूला बांधलं. चाचांनी बोटाला वेढे घातले आणि नेहमीसारखं विचारलं, "मास्तर, सफेदच लगाये ना?"

"हो चाचा," मी म्हणालो.

एवढंसं खोटं. तेही त्यांच्याच भल्यासाठी. दर रविवारी ते विचारायचे आणि दर रविवारी मी हो म्हणायचो.

आणि काय सांगावं, बोटी कमी व्हायच्या सोडून वाढल्या. आधी भरकटत एखादी यायची. आता एकामागं एक, टपरीपासून सरळ रेघ मारल्यासारख्या आमच्याकडं यायला लागल्या. लाल दिसत असूनही येतात, म्हणजे मुद्दामच येतात, असं मी समजलो. जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा, असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. वर्गात मी एवढा कधी ओरडलो नव्हतो. बोटीतले लोक घाबरून वळायचे, की पाच मिनिटांत पुढची बोट हजर.

"आज बहुत आ रहे," चाचा म्हणायचे. "फडका गिर गया क्या?"

"नाही, आहे जागेवर."

त्या रविवारी मी वर बांधावर थर्मासमधून चहा ओतत होतो. खाली चाचा एकटे होते. पायडलचा खळखळाट मी ऐकला, चाचांनीही ऐकला असणार. पण पाण्यात आपलं फडकं आहे, बोट लांबून जाईल, ह्या भरवशावर ते बसून राहिले. बोट बांबूपर्यंत आली आणि वळली. खालच्या चाकात तंगूस अडकली आणि गुंडाळत गेली. बोटाला तीन वेढे होते. चाचा ओरडले तसा मी कप टाकून धावलो. दोरी मांसात रुतून हाडापर्यंत गेली होती.

मी आधी सुरीनं दोरी कापली, रुमाल बांधला आणि मग बोटीकडं वळलो. बोटीत नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. तिच्या हातातला हिरवा चुडा अजून कोरा होता. दोघंही पांढरेफटक पडले होते. मी त्यांना काठावर उतरवलं आणि सगळ्या तळ्यादेखत झाप झाप झापलं. डोळे फुटले का, आंधळे आहात का, असं विचारलं. जो खरोखर आंधळा होता तो बाजूला हात धरून बसला होता, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

तो मुलगा चाचरत म्हणाला, "सर, पण आम्हाला इथंच यायला..."

"वर तोंड करून बोलतोस? कान धर!"

त्यानं कान धरले. मी तिच्याकडं पाहिलं, तेव्हा तिनंही धरले. बांधावर चाळीस-पन्नास माणसं उभी होती, कुणीतरी हसलं. ती मुलगी रडायला लागली. मला सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मला बरं वाटलं होतं.

चाचांच्या बोटाला टाके पडले. जखम महिन्याभरात भरली, पण बोट मेलं. डॉक्टर म्हणाले, शीर तुटली आहे, आता ह्या बोटाला काही कळणार नाही. चाचांनी ते बोट गालाला लावून बघितलं, मिशीवरून फिरवलं. मग हात मांडीवर ठेवला.

दिवाळीत माझी मुलगी आणि जावई आले. मुलीला बोटीत बसायचं होतं. मी म्हटलं, त्या हरामखोराच्या बोटीत माझा पाय पडणार नाही. पण जावयासमोर किती ताणणार? बसलो. ठेकेदार नव्हता, त्याचा माणूस होता, नवा, मला न ओळखणारा. बोट ढकलताना त्यानं मुलीला सांगितलं, "ताई, लई लांब जाऊ नका. सरळ जायचं. समोर पाण्यात बांबू दिसतोय ना, लाल कापडाचा? तितनं वळून माघारी यायचं."

बांबू मीच रोवलेला होता. चाचा येत नव्हते तरी मी दर रविवारी तिथं जाऊन बसायचो, आणि मागच्या रविवारी कापड सोडायचं विसरलो होतो.

मी विचारलं, "ती वळायची खूण कुणी लावली?"

"काय म्हाईत नाय बा. आपल्यातल्याच कुणीतरी लावलीया. लई सोय झाली बगा. मालक सांगत्यात, पयलं लोक कुठंबी भरकटायचे, टाइम झाला तरी येत नव्हते. आता समद्यांना येकच सांगायचं, लाल कापडाला वळा."

"पांढरं होतं तेव्हा?"

"पांढरं कुठं दिसतंय सायेब इतक्या लांबून?"

मुलगी पायडल मारत होती. बोट माझ्या लाल कापडाकडं सरळ रेघ मारल्यासारखी निघाली होती. 'आम्हाला इथंच यायला' ह्याच्या पुढं तो मुलगा काय म्हणणार होता, ते मला तिथं, पाण्याच्या मधोमध कळलं. गणिताच्या मास्तरनं कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायला नको? मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला बोट लागते का? परत जायचं का?" मी नाही म्हणालो. आम्ही कापडापाशी जाऊन वळलो.

त्याच संध्याकाळी चाचांकडं गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. चहा आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "मास्तर, एक बात दिल में है. वो मियां-बीवी को कान पकडाये तुम, बच्ची रोई. मुझे अच्छा नहीं लगा." थोडं थांबून म्हणाले, "लेकिन सफेद फडका देख के भी आये. तो गलती उनकीच."

मी चहा संपवला आणि उठून घरी आलो.

नंतरच्या रविवारी मी ते लाल कापड चुलीत घातलं आणि चाचांना स्कूटरवर बसवून तळ्यावर नेलं. नको नको म्हणत होते, पण आले. त्यांच्या जुन्या पायजम्याचं पांढरं फडकं बांबूला घट्ट बांधलं. त्यांनी सवयीनं उजव्याच हाताच्या त्याच बोटाला वेढे घातले. डाव्या हाताला काही येत नाही म्हणाले. बोटिंगवाल्यांचा मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे. ती पाटीही अजून तशीच आहे. पण त्या दोन पोरांचं काय करू? ती कुठली, कोण, मला माहीत नाही. दर रविवारी मी बोटींत हिरवा चुडा शोधत असतो.

"मास्तर, सफेदच लगाये ना?" चाचांनी विचारलं.

"हो चाचा."

ते समाधानानं पाण्याकडं तोंड करून बसले. थोड्या वेळानं दोरी ताणली, सैल झाली, पुन्हा ताणली. बोट दोरीबरोबर हलत होतं. चाचांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ते तसेच वाट बघत होते.

"चाचा," मी म्हणालो, "लागलंय. ओढा."