वॉल्टरच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटर

आमच्या कारखान्यात पंपांपेक्षा किस्सेच जास्त तयार व्हायचे. पंप निदान ट्रकमध्ये भरून जायचे, किस्से मात्र साचत राहिले!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ओहायोत, कोलंबसजवळ आमचा कारखाना. कुठला पार्ट कधी मागवायचा हे ठरवायला कॉम्प्युटर आला. मॅनेजर म्हणाला, "जोशी, तुम्ही इंडियन लोक गणितात हुशार. हे तू सांभाळ." मला पंप कळत होते, कॉम्प्युटर नाही. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

तोवर पार्टांचं सगळं स्टोअर आमच्या स्टोअरकीपर वॉल्टरच्या डोक्यात होतं. वीस वर्षं! मॅनेजरने त्याच्यासमोरच जाहीर केलं, "ओळीने तीन शुक्रवार मोजणी कॉम्प्युटरशी जुळली, की स्टोअरकीपरची गरज नाही." म्हणजे माझं काम जमलं की वॉल्टर घरी. मी नक्की कुणाच्या बाजूने आहे, तेच मला कळेना.

*

सुरुवातीला मी तारखा भरल्या त्या आपल्या सवयीने, आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत मात्र आधी महिना! पाच जूनला हवी असलेली गॅस्केटं सहा मेलाच दारात हजर! पंधरा जूनची ऑर्डर तर कॉम्प्युटर घेईचना. मी दोन दिवस त्याला शिव्या घातल्या. वॉल्टरने माझा कागद पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "भारतात पंधरावा महिना असतो का?"

*

घरी नंदाला, म्हणजे बायकोला, मी ऐटीत समजावलं, "माल अमुक इतका उरला, की कॉम्प्युटर आपणहून ऑर्डर सुचवतो."

ती तुरीच्या डाळीचा डबा बघत म्हणाली, "दोन वाट्या उरली की मी शिकागोच्या दुकानात फोन करते. तुमच्या अमेरिकेला हे आत्ता कळलं होय?"

*

ड्रॉइंग ऑफिसातला आमचा नागपूरचा देशमुख स्क्रीनवर पंप काढायला शिकला. त्याने मोटर इतकी आत सरकवली की पंप निम्मा झाला. मॅनेजर खूश! मशीन शॉपमध्ये मात्र मोटर आत जाईचना. पठ्ठ्याने दोन पार्ट एकाच जागी काढले होते. हातात प्रिंट धरून तो म्हणत राहिला, "स्क्रीनवर तर बसतंय यार!"

*

मग बारकोड आले. पॅकिंगच्या लिंडाला मशीनच्या आवाजात स्कॅनरचा 'बीप' ऐकू येईना, म्हणून ती एकाच खोक्यावर तो मारत राहिली. कॉम्प्युटरमध्ये एका पंपाचे अकरा! महिनाभर मोजणी काही जुळली नाही. वॉल्टरने तिला डोनट आणून दिला.

*

पण हळूहळू आमचे घोळ कमी झाले. एक शुक्रवार जुळला, दुसराही जुळला. तिसऱ्या शुक्रवारी मॅनेजर स्वतः येऊन उभा राहिला. सगळे रॅक बरोबर निघाले. शेवटचा रॅक व्हॉल्व्हचा. कॉम्प्युटर म्हणत होता चारशे बारा. मोजले, चारशे अकरा. पुन्हा मोजले, तेवढेच!

मला इतकं बरं वाटलं, की माझीच मला लाज वाटली. मॅनेजर वैतागून निघाला.

"थांबा," वॉल्टर म्हणाला. त्याने कोटाच्या खिशातून एक व्हॉल्व्ह काढला, फडक्याने पुसला आणि रॅकवर ठेवला.

"चारशे बारा. जोशीचा कॉम्प्युटर बरोबर आहे."