मोठीला विचारलंस का?

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यातल्या नवमीला, दुपारी, घाटकोपरच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी एका मेलेल्या बाईच्या वतीने जेवले. जेवण झाल्यावर मला एक प्रश्न विचारण्यात आला. त्याच्या उत्तरावर त्या घरातल्या एका जिवंत बाईची नोकरी अवलंबून होती.

घरात माणसं तीन. सासूबाई, त्यांचा मुलगा आणि मुलाची दुसरी बायको. पहिली काविळीने गेली. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं मनातलं काही राहून गेलं असेल तर ती जखीण होते आणि घराभोवती राहते, असं त्यांच्या कोकणातल्या गावी मानतात. जखीण त्रास देतेच असं नाही, पण तिचा मान ठेवावा लागतो. म्हणून दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. आणि दर वर्षी अविधवा नवमीला तिच्या नावाने एका सवाशिणीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची.

या घरात जखीण हा शब्द कोणी उच्चारत नाही. पहिलीला ‘मोठी’ म्हणतात, दुसरीला ‘धाकटी’. मोठी एकोणतिसाव्या वर्षी गेली. धाकटी आता चौतीस वर्षांची आहे. क्रम बदललेला नाही.

मोठीला बऱ्याच गोष्टी आवडत नसत. ही माहिती सासूबाईंकडून मिळे. धाकटीने पाटा-वरवंटा माळ्यावर टाकला आणि मिक्सर जळला. मोठीला ते आवडलं नव्हतं. तिने पडदे बदलले त्या आठवड्यात कबुतराने गॅलरीत अंडी घातली, तेही मोठीचंच. धाकटीने केस खांद्यापर्यंत कापले आणि दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद पडली. लिफ्ट सगळ्या इमारतीची होती. तरी चौथ्या मजल्यावरच्यांनी खाली येऊन सासूबाईंना विचारलं, आता काय करायचं.

हे तुम्हाला कसं समजतं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘तिका काय व्हया ता माका कळता.’ बातमीच्या भाषेत हा एकमेव स्रोत होता आणि दुजोऱ्याची सोय नव्हती.

धाकटी बी.कॉम. आहे. लग्नाआधी कणकवलीत एका दुकानात बिलं करायची. गेल्या वर्षी गणपती गेल्यावर तिने अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मुलाखत दिली. नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंना बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. मेट्रोच्या तपासणीत टाक वाजला. तपासणाऱ्या बाईने तो बाहेर काढायला लावला.

‘ये कौन है?’

‘पहली बीवी.’

‘किसकी?’

‘मेरे पति की.’

त्या बाईने टाक उलटसुलट करून पाहिला आणि दोघींना आत सोडलं.

हा प्रसंग धाकटीने संध्याकाळी नवऱ्याला हसत हसत सांगितला. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. सुनेने खोटं सांगितलं याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची हरकत वेगळी होती. ‘मोठीक विचारल्याशिवाय तिका अंधेरीक नेलंस?’

नोकरी मिळाली. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. सासूबाईंनी कळवलं की मोठी कधी घराबाहेर कामाला गेली नव्हती, तेव्हा तिला हे चालणार नाही. मुलगा ‘बघू’ म्हणाला. तो बहुतेक वेळा ‘बघू’ म्हणतो.

सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी नवमी होती.

कामाच्या दिवशी दुपारी सवाशीण मिळेना. सासूबाईंनी दोन दिवस आधी सगळे मजले पालथे घातले. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी ब्युटी पार्लरमध्ये, कोणी मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात. एकजण घरून काम करणारी निघाली, पण त्या वेळी तिची लॅपटॉपवर मीटिंग होती आणि कॅमेरा चालू ठेवून वडे खाता येणार नाहीत असं तिने सांगितलं. नोकरी न करणारी सवाशीण इमारतीत उरलेली नव्हती. मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. ड्यूटी संध्याकाळी सुरू होते. त्या पाचव्या मजल्यावर माझ्याकडे आल्या.

माझा नवरा नोकरीसाठी नाशिकला असतो आणि आमचं फोनवरही फारसं बोलणं होत नाही, हे इमारतीला माहीत आहे.

‘तुझो नवरो जितो आसा मां?’

‘आहे.’

‘कधी बोललंस?’

गणपतीत, असं मी सांगितलं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी मला फोन लावायला सांगितला, पलीकडचं ‘हॅलो’ स्वतः ऐकलं, ‘चलात’, म्हणजे चालेल, असं म्हणून फोन बंद केला. दुजोरा घेण्याची इतकी काटेकोर पद्धत आमच्या डेस्कवर नाही. नवऱ्याने परत फोन करून काय झालं म्हणून विचारलं. तू हयात आहेस का ते बघायचं होतं, असं मी म्हणाले. तो बरं म्हणाला.

आदल्या दिवशी धाकटी वर आली. जेवण झाल्यावर आई नमस्कार करतील आणि काही राहिलं का विचारतील, ते तिने सांगितलं. आजवरच्या सगळ्या सवाशिणी ‘तृप्त झाले’ म्हणाल्या होत्या. मी काय म्हणावं असं तुला वाटतं, असं मी विचारलं.

‘मी काही सांगत नाही, ताई. उद्या तुम्ही मोठी. तुमचं तुम्ही बघा.’

मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालायचं नाही, हा आमच्या डेस्कवरचा नियम आहे. मी तो तिला सांगितला. ती बरं म्हणाली आणि निघाली. जिन्यात एक मजला खाली जाऊन ती कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. ते मला वरून दिसत होतं.

शुक्रवारी पानात वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी आणि तांदळाची खीर होती. सगळं मोठीच्या आवडीचं, असं सासूबाईंनी वाढताना सांगितलं. टाक चिंचेने घासून पानासमोर ठेवला होता. धाकटी आत वडे तळत होती. मुलगा अर्ध्या दिवसाची रजा काढून पाण्याचा जग घेऊन उभा होता.

माझं जेवण झाल्यावर सासूबाई वाकल्या. त्या माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या आहेत आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. मुलाने हात देऊन त्यांना उठवलं.

‘बाय गो, तृप्त झालंस? काय ऱ्हवला आसा?’

आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

‘माझं पोट भरलं,’ मी म्हणाले. ‘तिचं काय राहिलं होतं?’

सासूबाईंनी सांगितलं, तिचं काय राहणार, तिला सगळं होतं. मी तरीही थांबले. अशा वेळी थांबायचं असतं, एवढं मला कामातून माहीत आहे.

‘तिला वडे आवडायचे नाहीत,’ मुलगा म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

‘खायची. आवडायचे नाहीत. स्टेशनबाहेरची शेवपुरी आवडायची. आम्ही खाऊन यायचो आणि तुला देवळात गेलो होतो म्हणून सांगायचो.’

आणखी काही, असं मी विचारलं. त्याने जग खाली ठेवला.

‘मालाडला एका कॉल सेंटरमध्ये तिचं काम ठरलं होतं. तू नको म्हणालीस. मी बघू म्हणालो.’

सासूबाई खुर्चीत बसल्या. ‘तिच्या मनात ऱ्हवला ता माका कधी बोलली नाय,’ त्या म्हणाल्या. तू विचारलंस कुठे, असं मुलगा हळू आवाजात म्हणाला. मोठीशी प्रत्यक्ष बोललेला साक्षीदार पहिल्यांदाच बोलला होता आणि त्याचं म्हणणं खोडून काढायला सासूबाईंकडे काही नव्हतं.

मग त्यांनी टाक उचलला, पदराने पुसला आणि धाकटीला बाहेर बोलावलं.

‘मोठीक कामाक जावचा होता. आता सोमवारी तिका घेवन जा. टाक काढूचो नाय.’

भूमिका बदलली होती. प्रवक्ता तोच होता.

धाकटीने टाक गळ्यात घातला. खीर आणखी वाढू का, एवढं तिने मला विचारलं. माझ्या तीन वाट्या झाल्या होत्या. मी हो म्हटलं.

सोमवारी ती कामावर हजर झाली. त्या महिन्यात लिफ्ट दोनदा बंद पडली. चौथ्या मजल्यावरचे पुन्हा विचारायला आले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना मेकॅनिकला फोन करायला सांगितलं. मेट्रोवरची बाई आता टाक बाहेर काढायला लावत नाही, ‘दोनों चलीं?’ एवढंच विचारते, असं धाकटी सांगते. याला दुजोरा मिळालेला नाही.

यंदाच्या नवमीला धाकटीला रजा मिळाली नाही. सवाशीण पुन्हा मीच होते. नाशिकला फोन लावून खात्री करून घेण्यात आली. सांबारं आणि खीर सासूबाईंनी केली. वडे नव्हते. त्या जागी शेवपुरी होती, मुलाने स्टेशनबाहेरून आणलेली. पितरांचं पान असल्यामुळे ती बिनकांद्याची होती.